दुसरा ब्रेक

प्रिय मावशी,

तू खाली आणि मी वर, अशा एकाच घरात राहत असताना तुला टपालाने पत्र पाठवण्याचा हा आगाऊपणा आधी पोटात घाल. जिना उतरले की तू समोर असतेस, हे मला कळते. पण वरून निघताना जुळवलेली वाक्ये शेवटच्या पायरीपर्यंत कशी एकेक गळून पडतात, हे तुझ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. चिठ्ठी लिहून हातात द्यावी, तर चष्मा शोधण्याचा कंटाळा करून तू म्हणणार, "वाच की तूच मोठ्यानं, तेवढाच तुझा घसा मोकळा होईल." म्हणून मध्ये पोस्टमनला घातले आहे. लहान तोंडी मोठा घास होणार, हे मला दिसते आहे. पण रविवार जवळ आला आणि रविवारी सकाळी जुन्या गाड्यांचा दलाल आपल्या आक्काला घेऊन जायला येणार आहे.

त्याचे आणि तुझे फोनवरचे बोलणे मी जिन्यात उभी राहून ऐकले. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की न ऐकणेच अवघड होते. "गाडी टकाटक आहे मावशी, पण ती तुमच्या बाजूची शिकवणीची जादा पायडलं उपटून टाकावी लागतील. घरगुती गिऱ्हाईक ते बघून बिचकतं." तू हसून म्हणालीस, "उपट बाबा. मला आता त्यांचा काय उपयोग?" त्या हसण्यात तुझे नेहमीचे हसणे नव्हते. गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर तू शिकवण्या बंद केल्यास आणि फाटकावरची 'महिलांसाठी मोटार शिकवणी' ही पाटी उतरवून पाण्याच्या टाकीमागे ठेवलीस, तेव्हा बाबांनी तुझी समजूत घालून पाहिली होती. "अहो मेहुणीबाई, ब्रेक दाबायला पाय पुढेच न्यायचा ना? तो तर जातोय की!" त्यावर तू म्हणालीस, "पुढे जातो हो भाऊजी, मागे येत नाही." आम्ही सगळे हसलो. मीही हसले. त्या वाक्याचा अर्थ मला परवा मंगळवारी लागला. पण तो योग्य जागी सांगते.

आक्का घरी आली तो दिवस तुला आठवतो ना? तू त्या दंतवैद्यांकडून ती जुनी टोयोटा कोरोला विकत घेऊन फाटकातून आत आलीस. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि निर्वाळा दिला, "ही गाडी कसली, ही आपल्या सगळ्यांची आक्का. हिच्यापुढे वाकायचं, हिचं वय विचारायचं नाही." नाव चिकटले ते कायमचे. नव्या माणसाला वाटायचे की या घरात एखादी करारी थोरली बहीण आहे, आणि ते तसे खोटेही नव्हते. कडाक्याच्या थंडीत शेजारच्या वकिलांची चकचकीत गाडी रुसून बसायची, तेव्हा तिला दोर बांधून ओढायला आक्काच जायची आणि तू काच खाली करून विचारायचीस, "वकीलसाहेब, हिची पुढची तारीख कधीची?" क्लच जाळणाऱ्या, गिअरचा खडखडाट करणाऱ्या, चौकाच्या मधोमध इंजिन बंद पाडून रडू लागणाऱ्या किती बायका तिने सोसल्या! रस्त्यात दंतवैद्य भेटले की अविश्वासाने विचारायचे, "अजून चालते?" आणि तू मान ताठ करून सांगायचीस, "तुमच्याकडे चालायची, माझ्याकडे शिकवते."

आईची दवाखान्यातली पाळी संध्याकाळपर्यंत असायची, म्हणून शाळा सुटल्यावर मला न्यायला तू यायचीस. आणि तू यायचीस म्हणजे शिकवणीसकट यायचीस. पुढे शिकणारी बाई, शेजारी तू, मागे मी आणि माझे दप्तर. लेखी परीक्षेत पहिली आणि तोंडी परीक्षेत मुकी, अशी माझी शाळेत ख्याती होती. एका दुपारी एक नर्सबाई चौकात इतक्या गांगरल्या की त्यांना स्टिअरिंग धरवेना. तू त्यांना कडेला थांबवलेस आणि मागे वळूनही न पाहता म्हणालीस, "आमचं फिरतं वाचनालय मागे बसलंय. काय गं, काय वाचतेस ते सांग जरा आम्हाला." माझ्या मांडीवर शाळेच्या ग्रंथालयातले यंत्रांच्या इतिहासाचे जाडजूड पुस्तक होते. ते मी आणले होते ते आक्काचे माहेर, म्हणजे तिचा जपानी कारखाना, शोधण्यासाठीच. मी सांगू लागले. सुताराच्या घरातला एक मुलगा. आई मागावर राबते ते पाहून मागच सुधारायला निघालेला. त्याने पुढे असा माग घडवला की विणताना एक धागा जरी तुटला, तरी माग आपणहून थांबावा आणि सदोष कापड पुढे विणले जाऊ नये. त्या मागांच्या उद्योगातूनच त्याच्या मुलाने मोटारींचा कारखाना उभा केला. मागांचा धंदा उत्तम चाललेला असताना, ज्या कामात जपानचा अजून हात बसलेला नाही, त्या कामात त्याने उडी घेतली. मी बोलत होते, आणि मला पुढे फक्त एक अंबाडा आणि एक वेणी दिसत होती. कोणी माझ्याकडे पाहत नव्हते. माझा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदाच इतका वेळ सलग ऐकला. गोष्ट संपली तेव्हा नर्सबाईंचे हात स्थिर झाले होते आणि त्यांनी गाडी स्वतःच पहिल्या गिअरमध्ये टाकली.

मग तो नेमच पडला. आक्काच्या माहेरच्या हकिकती मी शोधून आणायच्या आणि भेदरलेल्या बायकांना मागच्या सीटवरून सांगायच्या. त्यांतली तुला सर्वांत भावली ती दोरीची. त्या कारखान्यात गाड्या जोडल्या जातात, तिथे कामगारांच्या हाताशी एक दोरी असते. काही चुकते आहे असे वाटले, तर अगदी काल लागलेला कामगारसुद्धा ती ओढू शकतो. मुकादम धावत येतो तो रागावायला नव्हे, मदतीला, आणि चूक तेवढ्यात सुधारली नाही तर सगळे काम थांबते. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या शिकवणीत नवा कायदा लागू झाला. "या गाडीत दोरी शिकणारीच्या हातात. भीती वाटली की ओढायची, कडेला थांबायचं. का थांबलीस, हे मी विचारणार नाही. आणि मागे हॉर्न वाजवणारा काही आपला जावई नाही, त्याचा मान ठेवायची गरज नाही." तेव्हापासून आपल्या गाडीत कोणी 'थांबते' म्हणाले नाही. सगळ्या म्हणायच्या, "बाई, दोरी ओढते."

शिंपीणबाईंचा चढ मी कधीच विसरणार नाही. जलकुंभाच्या रस्त्यावर सिग्नल लागला, मागे काचांची तावदाने लादलेला टेम्पो येऊन उभा राहिला आणि सिग्नल सुटताच आक्का पुढे जायची ती मागे घरंगळू लागली. शिंपीणबाई किंचाळल्या, "अहो बाई, तुमचा ब्रेक दाबा ना!" तू भाजी निवडताना बोलावे तशी बोललीस, "माझा ब्रेक आज सुट्टीवर आहे. तुमचा कामावर आलाय का बघा." आणि आक्का थांबली. टेम्पोवाल्याने डोके बाहेर काढले, "ओ ताई, मागे काचा आहेत, कापूस नाही!" त्यावर, ज्यांना गिऱ्हाइकाकडे शिलाईचे उरलेले पैसे मागायचाही संकोच वाटे, त्या शिंपीणबाई खिडकीतून कडाडल्या, "मग जरा लांब उभे राहा की! शिकतेय मी!" आज त्या शाळांचे गणवेश स्वतःच्या गाडीत भरून स्वतः पोहोचवतात.

पण त्या चढावर सीटखाली काय घडले, ते फक्त मला ठाऊक आहे. तू नेहमी पाय मागे ओढून, टाचा सीटखाली सरकवून बसायचीस. मी मागे पाय लांबवले की माझी बोटे तुझ्या चपलांना लागत. आक्का घरंगळली, तेव्हा तुझ्या टाचा माझ्या बोटांवर अशा रुतल्या की माझ्या डोळ्यांत पाणी आले. वर तुझा आवाज इतका निवांत आणि खाली तुझे पाय थरथरत होते. मी लहान होते. मला वाटले, मावशीला पाय ठेवायला जागा पुरत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी शहाण्यासारखी पाय पोटाशी घेऊन बसू लागले.

मंगळवारी बाबा म्हणाले, "दलाल यायचाय, जरा तोंड धुऊन ठेव आक्काचं." मी गरम पाण्याची बादली घेतली आणि आतली पायपुसणी बाहेर काढली. शिकणारीच्या ब्रेकचे रबर साबणाच्या उरलेल्या चकतीसारखे गुळगुळीत झाले होते. ते तू कितीदा बदलून घेतलेस, हे मी पाहिले आहे. मग तुझ्या बाजूचा दुसरा ब्रेक पुसायला घेतला. मावशी, त्याच्या रबरावरच्या रेघा जशाच्या तशा आहेत, नखाला टोचतील इतक्या धारदार. खाचांमध्ये नुसती धूळ. आणि तुझ्या सीटखाली, जिथे तुझ्या टाचा असायच्या, तिथला गालिचा पार झिजून दोन खळगे पडले आहेत; आतला पत्रा दिसतो. मी तिथे हात टेकून, पाणी गार होईपर्यंत उकिडवी बसून राहिले.

रोज सकाळी गाडी काढण्याआधी तू वाकून तो दुसरा ब्रेक हाताने दाबून पाहायचीस, हे मला तेव्हा आठवले. तो चालत होता. रोज चालत होता. हवा तेव्हा तो दाबता आला असता, आणि म्हणूनच तू पाय त्याच्यापासून लांब ओढून बसायचीस. 'घाबरू नका, माझ्याकडेही ब्रेक आहे' असे तू प्रत्येकीला सांगायचीस. मात्र दोरी ज्याच्या हातात त्याच्याच हातात राहिली पाहिजे, म्हणून भीती सगळी टाचांत साठवून बसायचीस. या गावातल्या कितीतरी बायका आजही सांगतात की, बाईंच्या ब्रेकने आम्हाला तारले. त्यांना कोणीतरी सांगायला हवे की, गाडी प्रत्येक वेळी तुम्हीच थांबवली होती. आणि 'पुढे जातो, मागे येत नाही' म्हणजे काय, तेही मला कळले. नवा गुडघा दुमडत नाही. ब्रेक दाबता येत नाही म्हणून तू शिकवणे सोडले नाहीस. पाय पुढे राहिला, तर एखाद्या दिवशी तो आपणहून ब्रेकवर पडेल, म्हणून सोडलेस.

बाबा माझा विद्यापीठातला पहिला क्रमांक भेटेल त्याला सांगत सुटतात आणि मला जमिनीत गडप व्हावेसे वाटते. पण आपल्या घरात मिरवण्याजोगे काय आहे, असे मला कोणी विचारले, तर मी गुणपत्रिका दाखवणार नाही. त्याला आक्कापाशी नेईन, पायपुसणे उचलेन आणि ते दोन खळगे दाखवीन. हे सांगताना माझी वाचा बसणार नाही, याची मला खात्री आहे.

आणि आता जे सांगण्यासाठी हा सगळा प्रपंच केला, ते. गेल्या महिन्यात मी दोनदा सकाळी ग्रंथालयात जाते म्हणून निघाले, पण ग्रंथालयात गेले नव्हते. मोटार शिकवण्याच्या परवान्याची परीक्षा दिली. लेखीची चिंता नव्हती. तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा मात्र गाडीत होती. परीक्षक शिकाऊ होऊन स्टिअरिंगवर बसले आणि मी शेजारी. तेव्हा मला उमगले की, गाडीत कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही, दोघेही रस्त्याकडे पाहतात. मी न अडखळता बोलत राहिले. त्यांनी मुद्दाम चढावर इंजिन बंद पाडले, तरी बोलत राहिले. शेवटी तेच म्हणाले, "सगळं छान आहे बाई, पण तुमचे पाय कुठायत? ब्रेकपाशी ठेवा की!" मी खाली पाहिले, तर माझ्या टाचा सीटखाली गेल्या होत्या. तिथे त्या कधी आणि कशा गेल्या, हे तेव्हा मला सांगता आले नसते. नियमाने त्यांचे बरोबर होते, मी मुकाट्याने पाय पुढे घेतला आणि उत्तीर्ण झाले. परवाना माझ्या उशीखाली आहे. माझी कॉलेजातली नोकरी दुपारची आहे, तेव्हा सकाळच्या शिकवण्या मी घेऊ शकते. शिंपीणबाईंची सून कधीपासून विचारते आहे. रविवारी आक्काची किल्ली दलालाच्या हातात देऊ नकोस, माझ्या हातात दे. मी शेजारच्या जागी बसेन आणि तू मागे बस. तिथे पाय लांब सोडून बसायला डॉक्टरांची हरकत नाही, मी विचारून ठेवले आहे. सीटखाली पाय लांबव, माझ्या टाचा तिथे असतील. त्या रुतल्या तर सोस, पण वर कोणाला कळू देऊ नकोस. मावशी, मी दोरी ओढली आहे. का, ते तुझ्या कायद्याप्रमाणे तू विचारायचे नाहीस.

तुझीच,
मागच्या सीटवरची

गुरुवार, १२ मार्च २०२६. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकले, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.