कुणालीचं बोलणं मावेल एवढा फोन

८ जानेवारी

फोनने आज हात टेकले. टाकीजवळ उभी राहून राहून पाय दुखले, कुणालीचा व्हिडिओ अर्धा उतरतो नि थांबतो. 'जागा शिल्लक नाही.' एरवी गावात रेंज नसते म्हणून रडायचं. आज रेंज होती, जागा नव्हती!

आमच्याकडे रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी. मी संध्याकाळी वर जाते, कुणालीचे व्हिडिओ फोनमध्ये उतरवून घेते, घरी आणते. मग ओट्यावर बसून तिघं बघतो. सासूबाई, पंकज आणि मी. (तोंडाने मी त्याला अहो म्हणते. इथे पंकज.)

कुणाली माझी नणंद. जन्मापासून ऐकू येत नाही तिला. गणपतीनंतर शहापूरला पॅकिंगच्या कामाला लागली, तिथेच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. शाळेत नुसती बसवून ठेवली होती, त्यामुळे लिहिता-वाचता जेमतेम. हातांनी बोलते, ते बोललेलं पाठवते. रोज. कधी रोज दोनदा.

पंकज म्हणाला, जुने उडवून टाक. जेवले, झोपले, कामावर गेले, एवढंच तर असतं.

९ जानेवारी

आईंना सांगितलं, जुने व्हिडिओ पुसावे लागतील. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"तिचं बोलणं पुसाचं? नाय गो."

एवढंच.

११ जानेवारी

ग्रुपवरचे फुलांचे फोटो नि सुविचार उडवले, तेव्हा एक व्हिडिओ मावला. बघून घरात वादळ.

आमच्या घरातल्या खुणा आईंनी केलेल्या आहेत. दुसऱ्या कोणाला कळत नाहीत. हनुवटीवर बोट म्हणजे आई, तिथे त्यांचं गोंदण आहे. भुवईवर बोट म्हणजे पंकज, लहानपणी बांधावरून पडला त्याचा वण. मी लग्न होऊन आले तेव्हा कोपरापर्यंत हिरवा चुडा होता, म्हणून मनगट फिरवलं की मी. चुडा कधीच गेला, मी मनगटातच राहिले. नि छातीच्या खिशावर दोन बोटं म्हणजे पगार. ही खूण मात्र कुणालीने कामाला लागल्यावर आणली, अर्थ आम्ही लावला.

आजचं तिचं बोलणं असं: पगार आला नाही. कालही नाही. परवाही नाही. मग डोळे पुसले.

पंकज तडकला. त्याला वाटतं मुलीला ऐकू येत नाही म्हणून तिथले लोक फसवतात. रविवारी जातो नि तिला घरी घेऊन येतो म्हणाला. मला वाईट वाटलं. किती हट्टाने गेली होती ती!

१२ जानेवारी

पंकजला कसंबसं थांबवलं. आधी तिला नीट विचारू, मग जा. पण विचारायचं तर उत्तर उतरवायला फोनमध्ये जागा हवी. नवा फोन घेऊ, असं ठरलं. केवढा, ते ठरत नाही.

१६ जानेवारी

म्हसा गावच्या जत्रेला गेलो होतो. आईंना घोंगडी घेतली. बैलबाजारात पंकज उगाचच दर विचारत फिरला, घ्यायचं काही नव्हतं. येताना मुरबाडला मोबाइलच्या दुकानात शिरलो.

दुकानदार चांगला माणूस. त्याने फोन काढण्याआधी विचारलं, गेम खेळता का, सिनेमे भरून ठेवता का, फोटो फार काढता का. सगळ्याला नाही म्हटलं.

"मग फोन लागतो कशाला, ताई?"

"बोलायला."

"मग चौसष्ट जीबीचा भरपूर झाला. बोलण्याला कुठं जागा लागते?"

मनात म्हटलं, आमच्याकडे लागते.

पंकजने सगळं समजावून सांगितलं. दुकानदाराने ऐकून घेतलं, मग म्हणाला व्हिडिओ सगळे वरती साठवा, इंटरनेटवर, फोन रिकामाच राहील. पण वरून खाली आणायला आम्हाला पुन्हा टाकी चढावी लागणार. आईंचे गुडघे टाकीपर्यंत जात नाहीत, आणि त्यांना एकेक व्हिडिओ चारदा बघायचा असतो. चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन्न. दुकानदार म्हणाला, आधी फोनमध्ये आहे काय ते बघा, वर्षाला किती साठतं ते काढा, मग या. हात हलवत परत.

१८ जानेवारी

दुकानदाराचं ऐकून आज पहिल्यापासून सगळे व्हिडिओ लावले. एका दमात कधी बघितलेच नव्हते. रोजचा रोज बघायचा, हसायचं, झोपायचं.

सुरुवातीची कुणाली किती घाबरलेली! खांदे वर, हात पोटाशी, खुणा बारीक बारीक. गौरी-गणपतीच्या आठवणीने रडते. मग दिवाळीनंतर हात मोठे होत जातात. खुणा फेकते. हसते. बघता बघता माझेच डोळे भरले.

आणि मग आईंना ते दिसलं. दोन बोटं खिशावर. पगारने भजी आणली. पगार बसला नि खूप हसला. पगारला ताप आला. आम्ही रोज काहीतरी अर्थ लावत होतो, पगारातून भजी, पगार झाला म्हणून हसली. आज सगळं ओळीने आलं. एका व्हिडिओत पगार तोंड फिरवून बसला.

आईंनी माझा हात धरला.

"पगार कसा रुसल गो?"

पंकज बघतच राहिला. आई म्हणाल्या, "ह्यो पगार नाय. ह्यो माणूस हाय."

१९ जानेवारी

टाकीजवळ जाऊन मी स्वतःचा व्हिडिओ काढला. खिशावर दोन बोटं, नि कोण म्हणून भुवया उचलल्या. पाठवला. खाली येईपर्यंत मलाच हसू येत होतं. पण बरोबर पंकज होता, म्हणून तोंड दाबून.

२१ जानेवारी

उत्तर आलं, आणखी थोडे फोटो उडवून उतरवलं. आधी ओढणीत तोंड लपवलं. मग सगळं सांगितलं, लग्न करायचंय हेही. त्याचं नाव तिने कागदावर धरून दाखवलं, संदेश. तिच्याच कंपनीत मशीनवर. त्यालाही ऐकू येत नाही. तो कल्याणला शिकला, लिहितो छान, ऐकणाऱ्या लोकांसाठी खिशात कायम पेन असतं. म्हणून खिशावर दोन बोटं. दोन बोटं म्हणजे पेन! त्या आठवड्यात तापाने तो कामावर आला नव्हता, म्हणून ती रडली.

पंकज ओशाळला. ज्या पगाराचा जाब विचारायला निघाला होता तो तापाने पडलेला पोरगा.

आई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, एकाला तरी ऐकू येत असतं तर चाललं असतं.

"दोघं बी तशीच. दार वाजलं तर उठल कोण?"

२३ जानेवारी

आई तिचे व्हिडिओ बघत नाहीत. मी लावते, त्या कोंबड्या कोंडायला उठतात.

२६ जानेवारी

कुणालीला सगळं कळवलं होतं, आईंचा दाराचा प्रश्नही. आज तिने लांबलचक काहीतरी पाठवलं. पण पुन्हा तेच, जागा नाही. मला कळत होतं, उत्तर याच्यात आहे. नि उतरत नाही!

फोनमध्ये सगळ्यात मोठं काय, ते शोधलं. माझ्या हळदीचा व्हिडिओ. सापगावला माहेरच्या अंगणात काढलेला. माझे बाबा नाचतात त्यात. कधी नाचत नाहीत ते. भावाकडे आहे बहुतेक. नसेलही.

पुसला. टाकीला टेकून थोडा वेळ उभी राहिले, मग कुणालीचा उतरवला.

घरी कोणाला सांगितलं नाही.

२७ जानेवारी

आई बघायला तयार नव्हत्या. मी फोन त्यांच्या मांडीवर ठेवला नि पाणी भरायला गेले.

परत आले तर त्या फोनवर वाकलेल्या. व्हिडिओत संदेशची खोली. दाराबाहेरून कुणाली बेल दाबते, आत भिंतीवरचा बल्ब उघडमीट करतो. संदेश झोपेचं सोंग करून पालथा पडलेला, बल्ब लागला की उठतो, दार उघडतो. ती बाहेरून पुन्हा दाबते. तो पुन्हा पालथा. शेवटी दोघांना हसू आवरत नाही. वायर त्यानेच ओढलेली.

"परत लाव," आई म्हणाल्या.

किती वेळा लावला ते देवाला माहीत.

२ फेब्रुवारी

संदेश आला, त्याच्या आईला घेऊन. डोळखांबकडची माणसं. पोरगा सडसडीत, लाजरा, खिशात खरंच पेन. पंकजने त्याच्या पाठीवर थाप मारली नि मग हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

सुरुवातीला अवघडच होतं. संदेशच्या खुणा शाळेतल्या, आईंच्या घरच्या. त्याने कागदावर लिहिलं, आईंना वाचता येत नाही. कुणालीही आली होती, ती मध्ये बसून इकडचं तिकडे करत होती.

मग संदेशच्या आईने सहज विचारलं, तुमी पावसाला खूण काय करता? आईंनी बोटं वरून खाली आणली. ती म्हणाली, आमी डोक्यावर इरलं घेतो, नि हाताने इरलं केलं. मग दोघी सुरूच झाल्या. जेवण दोघींचं सारखं. ताप सारखा. भात वेगळा. देव वेगळा. तिनेही सगळ्या खुणा एकटीनेच केल्या होत्या, पोराला घेऊन शेतात, कोणी शिकवलं नव्हतं. वीस-बावीस वर्षं आईंना वाटत होतं, असं बोलणारी बाई आपण एकटीच.

चहा गार झाला. दोघींचे हात थांबेनात. पोरं दोघं बाजूला बसून आपापल्या आईकडे बघत होती.

निघताना आईंनी संदेशच्या आईला तांदूळ बांधून दिले. कुणालीचं काय ठरलं, ते कोणी विचारलंच नाही. ठरलं होतं.

९ फेब्रुवारी

आज मुरबाडला आईसुद्धा आल्या. दुकानदाराने ओळखलं, विचारलं, काढलात का हिशोब? मी सांगायला लागले तर आईच पुढे झाल्या.

"दोघांचं बोलणं माईल असा दे."

त्याने दोनशे छप्पन्नचा काढला. सांगितलं, वर्षानुवर्षं पुरेल. आईंनी फोन हातावर तोलून बघितला नि म्हणाल्या, वजन तर तेवढंच.

१० फेब्रुवारी

जुन्यातलं सगळं नव्यात घेतलं. जेवले, झोपले, कामावर गेले, सगळं. पंकज शेजारी बसला होता. माझी हळद कुठे दिसत नाही म्हणाला. खरं ते सांगितलं. तो नवा फोन घेऊन उठला. मग टाकीवर जातो म्हणून गेला. आला तेव्हा फोनमध्ये माझे बाबा नाचत होते. माझ्या भावाकडून मागवला.

११ मे

लग्न झालं. वऱ्हाडातल्या अर्ध्या माणसांच्या नुसत्या हातांचीच गडबड. बँडवाला म्हणाला, वाजवू का नको?

वाजवला. नवरानवरीच सगळ्यात जास्त नाचली.

१४ मे

आई शहापूरला गेल्या, कुणालीचं घर लावून द्यायला. चार दिवसांचे कपडे घेतले. लेकीच्या घरी राहायचं म्हणून फार संकोचल्या होत्या.

१९ मे

आईंचा पहिला व्हिडिओ आला. आवाजच येईना. पंकजने आवाज वाढवला, फोन कानाला लावला, मागे पंखा फिरत होता तेवढा ऐकू आला. आई तोंडाने बोलतच नव्हत्या. पेरणीपर्यंत इथेच राहते म्हणाल्या. हातांनी. आम्हाला.