अंगणातली थडगी

मी, सौ. नीला राजन परुळेकर, वय अठ्ठावन्न, मूळ गाव कुडाळ, सध्या राहणार सनद, बहरीन, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही ते हृदय; त्याचे मंगळवारी ऑपरेशन आहे. कोणाचाही दबाव नाही. उलट पती राजन सकाळपासून "कशाला अभद्र लिहितेस?" म्हणत घरभर फिरताहेत.

१. कुडाळचे घर, अंगण आणि बँकेतली शिल्लक राजन यांना, त्यांच्यानंतर मुलगी कश्मिरा हिला. सनदचे घर भाड्याचे. इथून फक्त माझा पाटा-वरवंटा न्यावा. तो उचलताना कंबरेत चमक भरली होती, हे राजन अजून ऐकवतात. पुन्हा ऐकवतील.

२. आता खरी मालमत्ता. प्रशांत महासागरातल्या सामोआच्या लेखिका फेतू सौनी यांच्या इंग्रजी कादंबरीचे मी केलेले मराठी भाषांतर. शेवटचे प्रकरण राहिले आहे आणि त्यापायी माझा जीव थाऱ्यावर नाही; पडले की उठते, उठले की पुन्हा पान उघडते. तिथल्या गावच्या बायका घरात बोलतात तसेच फेतूबाईंनी लिहिले. त्यांच्या बेटावर कोणा बाईने असे लिहिण्याची ती पहिलीच वेळ. गावाने अबोला धरला. तिकडे माणूस गेले की घरासमोर अंगणातच पुरतात. फेतूबाईही तिथेच आहेत, आणि आता गावातल्या मुली त्यांच्या थडग्यावर बसून लिहितात. त्यांना वाचले नसते तर मीही माझी मालवणी कागदावर आणली नसती.

३. पुण्याच्या प्रकाशकांना हे बाड देऊ नये. "मराठी वाचकाला अंगणातली थडगी रुचणार नाहीत, तिथे तुळशीवृंदावन करा," असे ते म्हणाले होते. त्यांच्या दिवाळीच्या शुभेच्छांनाही उत्तर देऊ नये.

४. शेवटचे प्रकरण मैत्रीण मृणाली हिने पुरे करावे. कश्मिरा दर शुक्रवारी मला इंग्रजी पुस्तक वाचून दाखवते. पण मी मराठीत विचारले की उत्तर इंग्रजीतच. तिच्यावर हे ओझे कसे टाकू?

५. कलम ४ रद्द. आज दुपारी कश्मिराने हा कागद उचलला आणि अक्षरांखाली बोट ठेवून वाचला.

"आई, मृणालीमावशी थडगी काढून टाकणार नाही ना?"

"काय सांगू?"

"मग मी करते. मला टाइम लागेल. पण थडगी राहणार."

शाळेत गेल्यापासून ती माझ्याशी इतके मराठी बोलली नव्हती. मला रडू आवरले नाही. सबब बाड, शब्दकोश आणि मूळ पुस्तक कश्मिराला.

६. माझी मूठभर राख कुडाळच्या अंगणात पुरावी. राजन नाक मुरडतील, मुरडू द्यावे. पुस्तक पुरे झाले की कश्मिराने तिथे बसून शेवटचे प्रकरण मोठ्याने वाचावे. थडगी गाळलेली आढळल्यास मी उठून बसेन.

सही: नीला राजन परुळेकर

साक्षीदार:
मृणाली सामंत (कलम ४ मधून सुटका झालेली)
मुनीरा, शेजारीण (मजकूर समजावून सांगितल्यावर सही केली, म्हणाल्या, "इंशाल्ला, बुधवारी हा कागद तूच फाडशील.")

सनद, बहरीन
९ फेब्रुवारी २०२५