दोन कॅमेऱ्यांमधला खुंट

५ नोव्हेंबर
नारिन नदीपलीकडच्या या घोड्यांच्या आवारात आज पोचलो. जागा झकास! भिंतीवर ओळीने चार कॅमेरे. चारही चित्रं जुळवून एकच लांब चित्र करायचं, म्हणजे घोडा कुठून कुठे गेला ते सलग दिसेल. रेडिओ उघडता उघडता शिकलेला मी म्हातारा, पण हात बसलाय. मालक तुरुसबेक माझ्या वयाचा मान ठेवून म्हणाला, आके, चोर शिंकला तरी दिसला पाहिजे. स्वयंपाकीण बुरूलने मेंढीचा रस्सा वाढला. मालकाचं नाव निघालं की बाई भांडी आपटते.

७ नोव्हेंबर
शेजारच्या दोन चित्रांत दिसणारी एकच वस्तू धरायची आणि एकावर एक बसवायची. जोड चुकला तर ती दोनदा दिसते, तीही फिकट. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये घोडे बांधायचा जुना खुंट सापडला. छान खूण!

८ नोव्हेंबर
अंतर मोजायला टेप घेऊन गेलो. चित्रात दिसणारा खुंट तिथे नाहीच. जमिनीलगत करवतीने कापलेलं बूड तेवढं आहे. बुरूलला विचारलं, तर पीठ मळता मळता तिने सांगितलं. गेल्या हिवाळ्यात सात घोड्या हरवल्या. चोरी कबूल करावी म्हणून मालकाने तिच्या नवऱ्याला, झुमाशला, त्या खुंटाला बांधून बर्फात ठेवलं. सकाळी तो लाकूड झाला होता. तिसऱ्या दिवशी घोड्या आपणहून परतल्या. मग मालकाने खुंट कापून चुलीत घातला. घोडा बांधायचा खुंट आमच्यात कुणी जाळत नाही.

९ नोव्हेंबर
चित्रातल्या खुंटाला बांधलेला माणूस. दोन फिकट माणसं, हातभर अंतरावर. चित्र केसभर सरकवलं — जवळ आली, गडद झाली. माणसाने मान वर केली. मी झटकन मागे सरकवलं, तशी विरली. बुरूल पाठीशी उभी होती. रडली नाही. म्हणाली, जोडा, आके.

१० नोव्हेंबर
नाही जोडलं. झुमाश पुरा झाला तर मालकाला सोडणार नाही, आणि शेवटी मालकही माणूसच. तुरुसबेकला झुमाशबद्दल विचारलं. हसला. म्हणाला, घोडी मेली असती तर वाईट वाटलं असतं.

माझं डोकं तापलं ते तापलंच.

११ नोव्हेंबर, दुपार
जोडलं. एकच खुंट. एकच माणूस, काळाकुट्ट. त्याने दोर सोडला —

आता चित्रात त्या खुंटाला तुरुसबेक. खिडकीतून पाहिलं — मोकळ्या आवारात, हात मागे, बांधल्यासारखा. लख्ख ऊन, आणि भुवयांवर बर्फ. ओरडतोय, आके, सोडवा!

चित्र केसभर सरकवलं की सुटेल. एक कळ. बुरूलने कळेवर हात ठेवलाय. मला तो सहज बाजूला करता येईल.

ओरडणं कमी झालं.

तिचा हात कळेवरच. मी अजून लिहितोच आहे —