मर्यादारावांचं विधेयक

३ मार्च
मर्यादाराव आज पुन्हा बोलायला उभे! हे नाव आम्ही सभागृहातल्या स्टेनोंनी ठेवलेलं. बावीस वर्षं आमदार, पाचवी खेप, आणि त्यांचं भाषण हटकून माझ्याच वाट्याला. पहिल्या वर्षी म्हणाले, दुकानातल्या पुतळ्यांना अंगभर कपडे घाला. मग पोहण्याच्या तलावाला पडदा. मग बागेतली बाकं आखूड करा — दोघांनी खेटून बसू नये म्हणून. कापलीसुद्धा! आता लोक मांडीवर बसतात.

आजचं विधेयक: लग्नाचा दाखला नसेल तर जोडप्याला खोली नाही. आधीपासून राहणाऱ्यांनी दोन महिन्यांत दाखला द्यायचा, नाहीतर सामान उचलायचं.

मी मुकाट टिपून घेतलं. मास्तर आणि मी एकोणीस वर्षं एका खोलीत राहतोय, बिनलग्नाचे.

४ मार्च
भाषणाची प्रत दुरुस्तीला मर्यादारावांकडे घेऊन गेले. भाषा सुधारता येते, अर्थ बदलता येत नाही — नियमच आहे. म्हटलं, "साहेब, 'कुटुंब' अकरा वेळा आलंय. चार काढू?"

"तेरा करा. बाई, तुमच्यासारख्या घरंदाज बायकांमुळेच समाज टिकलाय."

मान डोलावली. तेरा केले.

५ मार्च
मास्तर पोट धरधरून हसले. चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. "असली विधेयकं कपाटात कुजतात गं."

११ मार्च
आवाजी मतदान. विरोधी बाकं चहाला गेलेली. मंजूर — माझ्याच हाताने लिहिलं.

१९ एप्रिल
मालकीणबाई जिना चढून आल्या. गुडघे धरून. "मला काही नाही हो, पण उद्या पोलीस माझ्या दारात यायचे."

मास्तरांना म्हटलं, चला, करून टाकू एकदाचं.

"या वयात? त्या माणसापुढे मान तुकवायची?"

तत्त्वाचा माणूस! खोटं कशाला लिहू, अभिमान वाटला. पण तत्त्वं डोक्यावर घेऊन राहायचं कुठे?

२ मे
भांडण. मास्तर म्हणतात, गावाबाहेर दुसरी खोली बघू. तिथे काय वेगळा कायदा आहे? ही खिडकी, हा ओटा मी एकोणीस वर्षं घासलाय. मी नाही सोडणार. रडले. कधी रडत नाही मी. शेवटी म्हणाले, "बरं."

६ मे
लग्नाला परवाची वेळ मिळाली. मर्यादारावांना कळलं तर पुढच्या भाषणात आमचंच उदाहरण देतील, आणि ते टिपायला मीच! नवी चप्पल घेतली. थेरडेपणीची थेरं, पण घेतली. खूश आहे. मास्तर जेवले नाहीत.

८ मे
नोंदणी कार्यालय. कारकुनाने फॉर्म भरता भरता मास्तरांना विचारलं, "आधीचं लग्न?"

मास्तर म्हणाले, "आहे."