सहा वाजता येणारा माणूस

३ फेब्रुवारी
आलो एकदाचे. चौथा मजला, तीन खोल्या, गॅलरीतून अख्खं मैदान दिसतं. तवा नेमका कुठल्या खोक्यात आहे यावरून घरात दोन तट पडलेत. हिला आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची नोकरी लागली, म्हणून या गावी आलो. मी लिफ्ट दुरुस्त करतो, मला काम कुठेही मिळतं. जिने चढायची हौस कोणालाच नसते. थोरलीने, अकरा वर्षांची आहे, आपलं कपाट लावूनही टाकलं. बारकी पाच वर्षांची, ती रिकाम्या खोक्यात ठाण मांडून बसलीये. कंपनीने नोंदींसाठी जाड वही दिलीये. मागच्या पानांपासून रोजनिशी लिहावी म्हणतो.

१९ फेब्रुवारी
हिच्या साहेबांचा फोन आला होता. हिने काढलेला जिना वरच्या मजल्यापर्यंत पोचतच नाही, पायऱ्या कमी पडल्यात. दाखवलं तरी हिला चूक दिसेना, आणि हे तिसऱ्यांदा. मी म्हटलं, नवी जागा, दगदग. फोन ठेवल्यावर आठवलं, काल तेच धुतलेले कपडे हिने तीनदा मशीनमध्ये टाकले होते. बेचाळिसावं वर्ष म्हणजे काय वय आहे का?

६ मार्च
डॉक्टरीणबाईंनी हिला पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. हिला एकच आठवला. स्मृतिभ्रंश असू शकतो, या वयातही होतो, म्हणाल्या. पण इतक्यात शिक्का मारणार नाही, आणखी तपासण्या करू. येताना बसमध्ये ही म्हणाली, तू तोंड पाडून बसू नकोस, मुलींना कळेल. घरी आलो तर शेगडीच्या वर थोरलीच्या अक्षरात चिठ्ठी: ‘आई, गॅस बंद केलास का?’

२ एप्रिल
डबे, दप्तरं, हिच्या गोळ्या, मग कामावर. हिची नोकरी गेली. मी सहाला येईपर्यंत शेजारच्या काकू येऊन बसतात. वेण्या घालायला शिकलो. बारकी म्हणते, बाबा, लिफ्टचा दोर नाहीये तो, हळू ओढा. बूट काढायला वाकलो की तिथेच आडवं व्हावंसं वाटतं.

११ एप्रिल
गणवेशातच घरी आलो. दार हिने उघडलं. “या, बसा. पाणी आणते,” म्हणाली. सोळा वर्षांत हिने मला कधी अहो-जाहो केलेलं नाही. थट्टा वाटली, मीही म्हटलं, आभारी आहे बाई. ती हसली नाही. पाणी दिलं आणि लिफ्ट कालपासून अडकते म्हणून तक्रार केली. मी आत जाऊन कपडे बदलून आलो, तर मुलींना मागे ओढून भिंतीला टेकली. ते लिफ्टवाले कुठे गेले, हा कोण आलाय, असं थोरलीला विचारत होती.

१५ एप्रिल
साध्या कपड्यांत दिसलो की मुलींना घेऊन आतून कडी लावते. गणवेशात मी चालतो. म्हणून घरातही आता गणवेशच. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, वाद घालू नका, एकवीस तारखेला घेऊन या. थोरलीने सगळं अंगावर घेतलंय. मी आलो की मोठ्याने सांगते, आई, लिफ्टवाले काका आलेत. आवाज जराही हलत नाही. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या पाठीला डोकं टेकून उभी राहते.

१८ एप्रिल
बारकीने आज मला काका म्हटलं. ही तिथे नव्हतीसुद्धा. म्हटलं, अगं, मी बाबा. ती म्हणाली, बाबा सहाला येतात, पण ते खोटे आहेत, दार उघडायचं नाही. समजावत बसायचंही त्राण नव्हतं. वेणी घातली.

२० एप्रिल
ही सकाळपासून घाबरलेली, म्हणून रजा टाकली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “दादा, आज सहापर्यंत थांबाल का? तो माणूस येतो. हुबेहूब आमच्या ह्यांच्यासारखा दिसतो. तुम्ही असलात तर आत यायचा नाही.”
दादा.
थांबतो म्हणालो.

पावणेसहा — दाराला खुर्ची लावलीये. चौघंही बाहेरच्या खोलीत. मी लिफ्टच्या नोंदी करतोय असं हिला वाटतं, म्हणून लिहू देते. माझी बाही घट्ट धरून बसलीये. किती दिवसांनी —

सहाला पाच. येणार कोण? सहा वाजून जातील, ही शांत होईल. उद्या दवाखाना —

घंटा वाजली.
काकू असतील. पण काकू नेहमी हाक मारतात —

थोरली दाराच्या भिंगातून बघून आली. पांढरीफटक. माझ्याकडे बघते, दाराकडे बघते.

बाहेरून बारकीला हाक. माझाच आवाज. दमलेला नाही —

बारकी हसली. उठली.

कुलपात किल्ली फिरतेय. माझी माझ्या खिशात आहे, हात लावून बघितली —

ही कानाशी म्हणते, धरा ना दार. उठायला हवं. पण वाटतंय, येऊ दे. डबे, वेण्या, उद्याचा दवाखाना, त्यालाच —

खुर्ची सरक