स्टीलच्या डब्यातला कॉम्प्युटर

प्रिय रजीशचेट्टा,

गणितात क्ष ची किंमत काढायला सांगणाऱ्या माणसाला ती आधीच ठाऊक असते, मग तो सरळ सांगून का टाकत नाही? अम्माने काल नारळ खवताना मला हे विचारलं. मी बी.एस्सी. झाले, तरी मला उत्तर देता आलं नाही. ‘तुला पदवी दिली कुणी गं?’ म्हणाली आणि दुसरी वाटी खवायला घेतली. आपल्या भावंडांत गणित तुझं. तुला काही सुचलं तर कळव.

हो, अम्मा बीजगणितापर्यंत आली आहे. फोनवर हा विषय काढला की तू बेकरीची भट्टी तापली म्हणून ठेवून देतोस, मेसेज तर बघून सोडून देतोस, म्हणून सगळं लिहूनच काढते. ती मोठ्या माणसांच्या दहावीचा अभ्यास करते आहे. अर्जाची मुदत जवळ आली आहे आणि तिचा अर्ज अजून कोराच आहे. का, ते पुढे सांगते.

आधी मी तिला पंचायतीच्या संध्याकाळच्या वर्गाला पाठवून पाहिलं. चुलीवरच्या भाताच्या काळजीने ती मधूनच उठून घरी यायची. मग मी ठरवलं, वर्गच चुलीपाशी आणायचा. पत्त्यांच्या कॅटएवढं एक उघडं सर्किट मिळतं, साध्या स्मार्टफोनहून स्वस्त. त्याला पडदा आणि कीबोर्ड जोडला की झाला कॉम्प्युटर. पडदा मी कामाला आहे त्या कॉम्प्युटर केंद्राने टाकून दिलेला, एका कोपऱ्यात निळा डाग पडलेला. धडे मी केंद्रातून कार्डावर भरून आणते, म्हणजे नेट गेलं तरी अडत नाही. कीबोर्डला प्लास्टिक गुंडाळलंय, कारण अम्माच्या बोटांना सदा नारळ नाहीतर मासळी. पडदा मी पहिल्यांदा ओट्यावर लावला, केंद्रात असतो तसा उंचावर. अम्मा तिकडे बघेचना. उभी असली की तिचे डोळे चुलीवर. निवांत बसते ती फक्त खवणीवर. मग पडदा उतरवून खवणीसमोरच्या भिंतीला ठोकला. तेव्हापासून आपल्या घरी गरजेपेक्षा जास्त नारळ खवला जातो आणि सगळ्या भाज्या पांढऱ्या दिसतात.

शेजारच्या कुंजम्माचेची दारातून डोकावून अम्माला म्हणाल्या, ‘ओमने, चुलीसमोर सिनेमा लावलास होय? आता कालवणात मीठ कोण घालणार?’ अम्माने मान न वळवता सांगितलं, ‘तुझ्याकडे सिनेमा नसतानाही अळणीच असतं.’ अच्छनही नवरेपण सोडत नाहीत, व्हरांड्यातल्या खाटेवरून हाक मारतात, ‘हेडमास्तरीणबाई, आज पेज मिळेल का?’ पण धडा सुरू झाला की आपला रेडिओ ते स्वतःहून बंद करतात. हे त्यांना सांगू नकोस, नाकबूल करतील.

मग ऐन पावसात, कर्किडक महिन्यात एकदा, भिंतीसुद्धा पाझरत होत्या तेव्हा, अम्माला सर्किटवर ओल दिसली. मी केंद्रात होते. तिने ते सोडवलं, फडक्याने पुसलं आणि चुलीवरच्या टांगत्या माचावर ठेवून दिलं. कुडमपुळीची आंबट सालं तिथे, बियाणं तिथे, आगपेट्या तिथे. आपल्या घरात जे सादळू नये ते सगळं त्या धुरातच राहतं. तिचं चुकलं असं तरी मी कोणत्या तोंडाने म्हणू? संध्याकाळी खाली काढलं तर सर्किटवर काजळीचा थर, आणि वास माशाच्या कालवणाचा. ते पुन्हा सुरू झालं नाही. ‘जपूनच ठेवलं होतं गं मोळे, माझ्या पोरी,’ एवढंच ती म्हणाली. त्याच माचावर चाचपडताना माझ्या हाताला तुझी कंपासपेटी लागली. वरून डांबरासारखी काळी, आतला कंपास अजून चकचकीत. अच्छन नारळाच्या झाडावरून पडले आणि तू दहावीचा वर्ग अर्धा टाकून कोइंबतूरच्या बेकरीत गेलास, तेव्हापासून ती तिथे जपलेली आहे.

मी दुसरं सर्किट आणलं. या वेळी ते स्टीलच्या जेवणाच्या डब्यात रबराचे तुकडे लावून बसवलं, बाजूंना भोकं पाडली, डबा चुलीपासून लांब फळीवर ठेवला. डब्याची जागा फळीवर, हे अम्माला लगेच पटलं. अभ्यास पुन्हा सुरू झाला, धडे संपत आले. आणि अर्ज समोर ठेवला तर तिने पेन खाली ठेवलं. ‘ज्याची शाळा या घरासाठी सुटली, त्याच्या पुढे मी जाऊ? रजीश बसला तर मी बसते. नाहीतर शिकले तेवढं पुरे.’ मी समजावलं, रागावले, कुंजम्माचेचींना मध्ये घातलं. ती हलत नाही. हा हट्ट तुझ्या ओळखीचा आहे. तू म्हणतोस, या वयात दहावीचं पुस्तक हातात घेतलं तर भट्टीवरची पोरं हसतील. हसू देत. अम्माला हसणारी तर रोज दारात येऊन हसते.

म्हणून हे पत्र. तुझ्या नावाचा अर्ज मी भरलेला नाही, भरणारही नाही. सही तुझी आणि निर्णयही तुझा. पण तसाच एक दुसरा डबा मी तयार केला आहे. धडे सगळे आत आहेत, बीजगणित सर्वांत वर. तुमच्या खोलीवरच्या टीव्हीला आणि एखाद्या कीबोर्डला जोडलास की चालेल. भट्टीच्या वर तेवढा ठेवू नकोस. अम्माला वाटतंय त्यात केळ्याचे वेफर्स आहेत, त्यामुळे अजून उघडला नसशील तर पोरांना वाटून टाकण्याआधी झाकण उघडून बघ. कंपासपेटीही आत आहे. काजळी मी पुसलेली नाही. हे पत्र टपालाने येईल तोवर डबा तुझ्या हातात पडलेला असेल, कारण वर्गीसचेट्टनचा ट्रक भाजी आणायला आज सकाळीच कोइंबतूरला निघाला, आणि त्याच्या सीटमागे तो मी स्वतः दोरीने बांधून आले आहे.

तुझीच, आणि क्ष च्या उत्तरासाठी अडून बसलेली,
जिष्णा