‘परतणार नाही’ या शेऱ्याबाबत

प्रति,
मा. फेरतपासणी अधिकारी,
व्हिसा विभाग,
परदेशी वकिलात, तिसरा मजला.

विषय : ‘अर्जदार परत येईल याची खात्री वाटत नाही’ हा शेरा मागे घेऊन, अर्जदारास आजारी पत्नीकडे जाण्यासाठी व्हिसा मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे नकारपत्र. २) खिडकी क्रमांक चारवर झालेली मुलाखत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा प्रवासवर्णने लिहून पोट भरणारा इसम असून अनेक देशांचे शिक्के त्याच्या पासपोर्टवर उमटलेले आहेत. प्रत्येक देशातून तो मुदतीच्या आत, बहुधा मुदतीच्या बराच आधी, घरी परतलेला आहे. असे असताना ज्या एका प्रवासाविषयी त्याला एक ओळही लिहायची नाही, नेमक्या त्याच प्रवासाला आपल्या कार्यालयाने नकार दिला आहे. त्याबाबतची हकीकत पुढीलप्रमाणे.

१. अर्जदाराची पत्नी लेकीच्या बाळंतपणासाठी आपल्या, म्हणजे वकिलातीच्या, देशात गेली. तिचा हा पहिलाच परदेशप्रवास. नात सुखरूप झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पत्नीला लेकीच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. जावयाची रजा संपलेली, लेकीच्या कडेवर तान्हे मूल, आणि इस्पितळात पत्नीची भाषा समजणारे कोणी नाही. लेक फोनवर म्हणाली, “बाबा, आई कोणाकडे बघतच नाही. दार वाजलं की तेवढी मान वळवते. तुम्ही या.” तेव्हापासून अर्जदाराचा जीव टांगणीला लागलेला आहे.

२. व्हिसाची कागदपत्रे भरून देणाऱ्या एजंटाने बजावले होते की मागितले तेवढेच जोडा, जास्तीचे चिटोरेही नको. अर्जदाराने मान डोलावली आणि घरी येऊन आपली चारही पुस्तके अर्जासोबत जोडली. आपण कोणी ऐरेगैरे नाही, हे साहेबांना कळावे एवढाच हेतू होता. पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ असे लिहून सहीही केली. ही दुर्बुद्धी त्याला कुठून सुचली, याचा खुलासा तो आजही करू शकत नाही.

३. मुलाखतीच्या दिवशी काचेपलीकडे अधिकारीबाई होत्या आणि शेजारी पुस्तके वाचून सांगायला एक दुभाषी गृहस्थ बसले होते. बाईंनी पुस्तके शेवटून उघडायला सांगितली. पहिल्याच्या शेवटी अर्जदार एका बंदरावर उभा राहून ‘आता इथेच राहावे, मागे कोणी आहे हे विसरून जावे’ असे म्हणत होता. दुसऱ्याच्या शेवटी डोंगरातल्या हॉटेलच्या गच्चीवर त्याचे डोळे भरून आले होते. तिसऱ्यात त्याला स्वतःचे घर परके वाटू लागले होते. चौथ्यात तर त्याने एका गल्लीतल्या रिकाम्या घराची चौकशीही केली होती. दुभाषी गृहस्थ हे सगळे फार रंगवून सांगत होते. शेवटी शेवटी त्यांचाच आवाज दाटून आला. बाईंनी शांतपणे विचारले, “बायको तिकडे, मुलगी तिकडे, नात तिकडे. इथे तुमचं काय राहिलंय? परत कशासाठी याल?” बोलण्यालिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले तो अर्जदार पासपोर्टवरचे परतीचे शिक्के काचेला लावून दाखवू लागला. मग मागच्या माणसाचा नंबर पुकारला गेला.

४. याबाबत नम्र खुलासा असा की, प्रवासवर्णनाचे शेवटचे प्रकरण असेच लिहितात. पुस्तकभर रांगांना, रेल्वेला आणि न्याहारीला नावे ठेवून झाली की निरोपाच्या वेळी लेखकाने गहिवरायचे असते. प्रकाशक ते मागून घेतात आणि वाचक नेमके तेच पान वाचून पत्रे पाठवतात. वस्तुस्थिती निराळी आहे. बंदरावर अर्जदार उभा होता हे खरे; पण बोट चुकू नये म्हणून तो सकाळपासूनच तिथे उभा होता. गच्चीवर डोळे भरून आले ते खालच्या भटारखान्यातल्या धुराने. घर परके वाटले वगैरे सगळे मनचे. रिकाम्या घराची चौकशी त्याने केलेलीच नाही, कारण तिथल्या भाषेत त्याला ‘पाणी’ आणि ‘धन्यवाद’ याखेरीज काही येत नव्हते.

मुळात अर्जदाराला हॉटेल सोसत नाही. खिडकी उघडावी तर समोर भिंत आणि सांडपाण्याचे पाइप. नळ इकडे फिरवला तर चटका, तिकडे फिरवला तर गारठा. शेजारच्या खोलीतल्या माणसाचा खोकला आपल्याच उशाशी. खोलीत शिरल्यावर पहिला फोन पत्नीला, आणि तिचा पहिला प्रश्न, उशी कशी आहे? परतीचे विमान संध्याकाळचे असले तरी हा सकाळीच बॅग भरून खाली कोचावर येऊन बसलेला असायचा. हॉटेलवाल्यांना वाटे, याचे आमच्याशी काही बिनसले असावे. बिनसलेले काही नसे, याला घरी जायचे असे.

५. दुसरी गोष्ट अर्जदाराने आजवर कोणाला सांगितलेली नाही. परदेशात त्याने एक ओळही लिहिलेली नाही, त्याला ती लिहिताच येत नाही. घरी यायचे, स्वयंपाकघरात बसायचे आणि पत्नी भाजी निवडत असताना तिला सगळे पहिल्यापासून सांगायचे, ही त्याची लिहिण्याची पद्धत. ती मध्येच अडवते. त्या म्हातारीच्या पायात काही होते का? मग वेटर हसला का नाही? ती हसली तो प्रसंग पुस्तकात जातो. ती भाजीकडे बघू लागली की तो मजकूर रद्द समजायचा. शेवटची प्रकरणे तेवढी तिला न सांगता लिहिली. छापून आल्यावर तिने वाचली आणि विचारले, “हे कोणी लिहिलंय?” सोबत चल म्हणून अर्जदाराने तिला किती वेळा म्हटले असेल. तिचे उत्तर ठरलेले, तुम्ही जाऊन या आणि मला सांगा, मला तेवढे पुरते.

६. याच पत्नीला आपल्याच कार्यालयाने व्हिसा दिला आहे. तिलाही तोच प्रश्न विचारला होता, परत कशासाठी याल? ती म्हणाली, “घरी हे एकटेच आहेत. यांना चहासुद्धा धड करता येत नाही.” त्यावर अधिकारी हसले आणि शिक्का उठला. म्हणजे तिच्या परतीची हमी म्हणून आपल्या कार्यालयाने अर्जदारास मान्य केलेले आहे. जो इसम दुसऱ्याच्या परतीला पुरतो, तो स्वतःच्या परतीला का पुरत नाही, हे अर्जदाराच्या बुद्धीपलीकडचे आहे.

७. तरीही आपली खात्री व्हावी म्हणून अर्जदार पुढील अटी आपणहून मान्य करीत आहे. चारही पुस्तकांची शेवटची प्रकरणे खोटी असल्याचे तो वर्तमानपत्रात जाहीर करील. शिल्लक प्रतींतली ती पाने प्रकाशकाच्या गोदामात बसून स्वतःच्या हाताने फाडील. प्रकाशकांनी आजच फोनवर याला नकार दिला आहे, परंतु पुन्हा विनंती करता येईल. विमानतळावरून त्याला पोलिसांच्या पहाऱ्यात थेट इस्पितळात न्यावे. वाटेत शहर दिसू नये म्हणून गाडीच्या काचांना कागद चिकटवावा, किंवा डोळ्यांवर पट्टी बांधावी. आपल्या देशातील कोणत्याही पुलाचे, नदीचे अथवा सूर्यास्ताचे तो वर्णन करणार नाही, कौतुक तर नाहीच. पत्नीच्या खोलीला बाहेरून कुलूप घातले तरी त्याची हरकत नाही. आत खुर्ची असल्यास उत्तम, नसल्यास तो उभा राहील.

८. ओळखीच्या माणसाने जवळ बसून बोलत राहिल्यास वाचा परत येण्याची आशा आहे, असे तिथल्या डॉक्टरांचे म्हणणे आहे. मात्र हे सुरुवातीच्या काळातच व्हावे लागते, नंतर उपयोग होत नाही. लेक फोन आईच्या कानाशी धरते आणि अर्जदार इकडून बोलतो. पण सांगण्याजोगे त्याच्याजवळ काही उरलेले नाही, कारण तो कुठे गेलेलाच नाही. काल त्याने वकिलातीचीच हकीकत सांगितली. दाराशी बॅग तपासणारा शिपाई, सगळ्यांना एकाच सुरात नाही म्हणणारी काच, दुभाष्याचा दाटलेला गळा. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग लेक म्हणाली, आईच्या डोळ्यांत पाणी आलंय, पण ती हसतेय की रडतेय ते मला कळत नाही. अर्जदाराला ते कळले असते. तो तिथे असता तर त्याला नक्की कळले असते.

९. सबब, अधिकारीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर उशिरा का होईना येथे नोंदवत आहे. इथे अर्जदाराचे काही राहिलेले नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. घर आहे, पण सकाळी त्यात दुसऱ्या कोणाची चाहूल नाही. आजवर तो प्रत्येक देशातून परत आला तो तिच्याकडे, आणि आता ती तिकडे आहे. परत येण्याचे कारणच आपल्या देशात खाटेला खिळून पडले आहे, ते आणायला त्याला जायचे आहे. ती आणण्याजोगी झाली की मिळेल त्या पहिल्या विमानाने तो तिला घेऊन येईल. ती आणण्याजोगी झालीच नाही तर तो काय करील, हे त्याचे त्यालाच माहीत नाही. हे वाक्य आपल्याच अर्जाच्या मुळावर येते, याची त्याला पूर्ण जाणीव आहे. पण समोर बसून तिला जे खोटे सांगता आले नसते, ते आपल्याला लिहून देणे त्याच्या जिवावर आले.

तरी कृपा करून त्याला जाऊ द्यावे.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
अर्जदार

दिनांक : आजचाच. नकारपत्र हाती पडले त्याच दिवशी सादर.

सोबत :
१) इस्पितळाचे पत्र.
२) विवाहाचा दाखला.
३) पत्नीच्या पासपोर्टची प्रत.
४) परतीची तिकिटे, दोन. अर्जदाराचे खिडकीजवळचे नाही, ते तिचे आहे.